जे.व्ही.एन. उलटं वाचलं तर

(ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या एपिसोडचा मजकूर. बोलताना आलेले ‘अं’ आणि ‘म्हणजे’ बरेचसे काढलेत, सगळे नाही.)

आज एका नवोदित लेखकाची गोष्ट. नाव नारायण विनायक जगताप. साल १९७४. मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा जाहीर केलेली असते, आणि हे जगताप तिला ‘कृष्णविवर’ नावाची कथा पाठवतात. परीक्षक कथा वाचतात, तिला पहिलं बक्षीस देतात. आणि मग कळतं, की नारायण विनायक जगताप नावाचा माणूसच नाहीये.

कथा होती जयंत विष्णू नारळीकरांची.

आता १९७४ साली नारळीकर कुणी होतकरू लेखक नव्हते. वय ३५-३६. केंब्रिजची डॉक्टरेट. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे आपल्या टीआयएफआरमध्ये, प्राध्यापक. पद्मभूषण मिळून नऊ वर्षं झालेली. स्वतःच्या नावाने कथा पाठवली असती तर कुठल्याही संपादकाने ती डोळे मिटून छापली असती. मग हे खोटं नाव कशाला?

आपल्या नावाचा परीक्षकांवर परिणाम होऊ नये म्हणून, असं त्यांनी स्वतः पुढे सांगितलंय. आपण लोक हे ऐकतो आणि लगेच म्हणतो, बघा, किती साधा माणूस! मला ते साधेपणाचं प्रकरण वाटत नाही. मला ते मोजमाप वाटतं. या माणसाला एक गोष्ट मोजायची होती, आणि मोजताना मध्ये येणारी एक मोठी गडबड, म्हणजे स्वतःचं नाव, त्याने बाजूला काढून ठेवली. ही सवय त्यांना कुठून लागली आणि त्यांचं नाव एवढं जड कसं झालं, हे बघायला आपल्याला मुंबईतून बनारसला जावं लागेल.

जन्म कोल्हापूरचा, १९ जुलै १९३८. पण बालपण सगळं बनारसचं. वडील विष्णू वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे विभागप्रमुख. तेही केंब्रिजला शिकून आलेले, सापेक्षतावादावर काम करणारे. आई सुमतीबाई संस्कृतच्या विदुषी, माहेरच्या हुजूरबाजार. घरात मराठी, शाळेत हिंदी, वडिलांच्या कपाटात इंग्रजी. म्हणजे मराठीत लिहून पुढे साहित्य अकादमी पुरस्कार मिळवणाऱ्या या माणसाचं शालेय शिक्षण मराठीत झालेलंच नाही. हे जरा लक्षात ठेवा, मी परत येणार आहे याच्याकडे.

घरात वडिलांनी भिंतीवर फळे बसवून घेतले होते. मुलांनी, म्हणजे जयंत आणि धाकटा अनंत यांनी, हवं ते खरडावं म्हणून. मग घरात आला मामा. मोरेश्वर हुजूरबाजार, मुलांचा मोरूमामा. एमएस्सी करायला तो बनारसला आला आणि बहिणीकडेच राहिला. भाच्याला गणितात रस आहे हे त्याने ओळखलं, आणि एक दिवस फळ्यावर एक गणित लिहून ठेवलं. वर शीर्षक इंग्रजीत: चॅलेंज प्रॉब्लेम फॉर जेव्हीएन. जेव्हीएन म्हणजे जयंत विष्णू नारळीकर.

नियम एकच. जोवर भाचा ते सोडवत नाही किंवा ‘हरलो’ म्हणत नाही, तोवर ते गणित पुसायचं नाही.

मला हा सगळा प्रकार फार आवडतो. विचार करा ना. शाळेतून आलात, गणित तिथेच. जेवायला बसलात, गणित तिथेच. कुणी ओरडत नाही, मार्क नाहीत, शेजारच्या मुलाशी तुलना नाही. फळ्यावर फक्त एक प्रश्न आहे आणि त्याच्यावर तुमचं नाव आहे. ही गणितं शाळेच्या पुस्तकातली नसायची. त्यांना पाठ केलेली रीत लागू पडायची नाही, काहीतरी युक्ती सुचावी लागायची. आपल्यापैकी ज्यांनी कोडिंगच्या मुलाखतींसाठी रात्र रात्र प्रॉब्लेम सोडवलेत त्यांना वाटेल की अरे, हे तर तेच. जवळपास तेच. फरक एवढाच, की आपल्याला ते नोकरीसाठी करावं लागतं आणि त्या पोराला मामा घरचा होता.

नारळीकरांच्या कथा वाचताना मला हा फळा सारखा आठवतो, पण कथा यायला अजून बराच वेळ आहे.

१९५७. बनारसहून बीएस्सी करून जे. एन. टाटा शिष्यवृत्तीवर केंब्रिज. कॉलेज कुठलं? फिट्झविल्यम हाउस. वडिलांचंच. १९५९ मध्ये रँग्लर झाले. मराठी घरांत हा शब्द किती मोठा होता हे आज सांगून कळणार नाही. १८९९ साली रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सीनियर रँग्लर झाले, तेव्हापासून ते जन्मभर ‘रँग्लर परांजपे’ म्हणूनच ओळखले गेले. पदवी नावाच्या आधी जाऊन बसली. तर रँग्लर झाले, आणि पुढच्या वर्षी खगोलशास्त्रासाठीचं टायसन पदक मिळालं. तेही वडिलांना आधी मिळालेलं होतं. बापाच्या पावलावर पाऊल म्हणतात ते इथे जरा अतीच झालं.

आणि मग भेटले फ्रेड हॉइल.

हॉइलबद्दल वेगळा एपिसोड करता येईल, इतका भारी माणूस. यॉर्कशरचा, बोलायला फटकळ. ‘बिग बँग’ हा शब्द हॉइलचाच. १९४९ मध्ये बीबीसी रेडिओवर बोलताना त्यांनी तो वापरला, आणि गंमत म्हणजे त्यांना स्वतःला तो सिद्धांत मान्यच नव्हता. त्यांचं म्हणणं होतं, विश्वाला सुरुवात नाही. विश्व प्रसरण पावतं, पण मोकळ्या होणाऱ्या जागेत नवं द्रव्य थोडं थोडं तयार होत राहतं, त्यामुळे कधीही बघा, ते साधारण सारखंच दिसेल. यालाच स्थिर स्थिती सिद्धांत म्हणतात.

पण आपल्या गोष्टीसाठी महत्त्वाचं दुसरंच आहे. ज्या वर्षी नारळीकर केंब्रिजला पोचले त्याच १९५७ मध्ये हॉइलची पहिली विज्ञान कादंबरी आली होती, ‘द ब्लॅक क्लाउड’. वायूचा एक प्रचंड ढग सूर्यमालेत शिरतो, सूर्याला झाकून टाकतो, आणि नंतर लक्षात येतं की तो ढग विचार करू शकतो. कादंबरीतला निम्मा मसाला शास्त्रज्ञ आणि राजकारणी यांच्यातल्या झटापटीचा आहे. म्हणजे नारळीकरांना गुरू असा मिळाला की जो सकाळी ताऱ्यांच्या पोटात काय होतं त्याची समीकरणं मांडतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. एखाद्या गोष्टीची परवानगी कुणी लेखी देत नसतं. समोरचा मोठा माणूस ती करताना दिसला की झालं.

जाता जाता एक. पीएचडीनंतर, १९६३ मध्ये, नारळीकर किंग्ज कॉलेजचे फेलो झाले. त्याच कॉलेजात तेव्हा ई. एम. फॉर्स्टर राहत होते. ‘अ पॅसेज टू इंडिया’वाले. याच फॉर्स्टरनी १९०९ साली ‘द मशीन स्टॉप्स’ नावाची एक विज्ञानकथा लिहिली होती, ज्यात माणसं आपापल्या खोलीत एकटी बसून यंत्रातून एकमेकांशी बोलतात. वर्क फ्रॉम होमच्या काळात आम्ही टीमवाल्यांनी ती वाचली आणि सगळे गप्प झालो. असो. मुद्दा असा की त्या गावात विज्ञान आणि गोष्ट हे दोन वेगळे मोहल्ले नव्हते.

आता नाव जड कसं झालं ते.

१९६१ मध्ये केंब्रिजमध्येच मार्टिन राइल यांनी रेडिओ स्रोतांची मोजणी करून जाहीर केलं, की हे आकडे स्थिर स्थिती सिद्धांताशी जुळत नाहीत. वर्तमानपत्रांनी हॉइलना जवळपास हरलेलं घोषित केलं. उत्तर द्यायला रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत कोण उभं राहिलं? हॉइलना दुसरीकडे भाषण होतं, त्यामुळे बाविशीतला विद्यार्थी. नारळीकर. समोर सगळे दिग्गज. पीएचडीची सुरुवातीची वर्षं, आणि गुरूच्या अब्रूचा प्रश्न.

मग १९६४. हॉइल आणि नारळीकरांनी मिळून गुरुत्वाकर्षणाचा एक नवा सिद्धांत मांडला. त्याचं मूळ माख या शास्त्रज्ञाच्या कल्पनेत आहे. एखाद्या वस्तूचं वस्तुमान हा तिचा एकटीचा गुण नसून विश्वातल्या बाकी सगळ्या द्रव्यामुळे तिला ते मिळतं, अशी ती कल्पना. म्हणजे तुमच्या हातातल्या मोबाइलच्या जडपणात दूरच्या दीर्घिकांचाही वाटा आहे. जून महिन्यात हॉइलनी रॉयल सोसायटीत हे मांडलं. भाषणानंतर एक विद्यार्थी उठला आणि म्हणाला, तुम्ही जी बेरीज करताय ती अनंत होते. हॉइल वैतागले. तो विद्यार्थी स्टीफन हॉकिंग. त्याला हे कसं माहीत? तर नारळीकरांची खोली जवळच होती आणि त्यांनी आपली आकडेमोड त्याला आधीच दाखवली होती! आजच्या भाषेत सांगायचं तर रिलीजच्या आधी कोड मित्राला दाखवला, आणि मित्राने बग सगळ्यांसमोर, डेमो चालू असताना सांगितला.

इकडे भारतात मात्र या शंकेची बातमी झाली नाही. बातमी झाली नावाची. काळ बघा. १९६२ मध्ये चीनकडून मार खाल्लेला. २७ मे १९६४ ला नेहरू गेले. देश सुन्न आहे. आणि पंधरा दिवसांत बातमी येते, की २५ वर्षांच्या भारतीय मुलाने केंब्रिजमध्ये गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. लोकांनी ती बातमी दोन्ही हातांनी धरली. पुढच्या वर्षी, १९६५ मध्ये, २६ व्या वर्षी पद्मभूषण. घरात आजी-आजोबा असतील तर विचारून बघा, त्या काळात अभ्यासाला बसवताना कुणाचं नाव घ्यायचे.

आणि नियतीचा खेळ कसा, त्याच १९६५ मध्ये पेन्झियस आणि विल्सन यांचा शोध प्रसिद्ध झाला. सगळ्या दिशांनी सारखंच येणारं, मंद सूक्ष्मलहरींचं प्रारण. बिग बँगच्या बाजूने एवढा भक्कम पुरावा तोवर आला नव्हता, आणि स्थिर स्थितीवाल्यांना तो जड गेला. म्हणजे ज्या वर्षी देशाने त्यांना डोक्यावर घेतलं, त्याच वर्षी त्यांच्या गटाच्या पायाखालची जमीन सरकायला लागली. नारळीकर पुढे आयुष्यभर अल्पमतातच राहिले, मजेत राहिले. पण आपलं नाव आणि आपलं म्हणणं यांचं वजन वेगवेगळ्या तराजूंवर होतं, हे या माणसाला विशीतच कळलं असणार. हा माझा अंदाज आहे, त्यांनी असं म्हटल्याचं मी सांगत नाहीये.

१९७२ मध्ये ते परत आले. सोबत पत्नी मंगलाताई, माहेरच्या राजवाडे, त्याही गणितज्ञ. १९६६ मध्ये लग्न झालेलं. कुलाब्याला समुद्राकाठी टीआयएफआर. तिथला सगळा कारभार इंग्रजीत.

आणि इथे मराठीचा प्रश्न येतो. विज्ञानकथा मराठीत नारळीकरांनी आणली असं काही जण म्हणतात. ते बरोबर नाही हो. विसाव्या शतकाच्या पहिल्या वीस वर्षांतच मराठी मासिकांत असल्या कथा येऊ लागल्या होत्या. भा. रा. भागवतांनी, तेच आपले फास्टर फेणेवाले, जूल व्हर्नला मराठीत आणून दोन-तीन पिढ्यांचं कल्याण केलं होतं. नारायण धारप भयकथांबरोबर विज्ञानकथाही लिहीत होते. पण या प्रकाराकडे बघायची नजर कशी होती? पोरांसाठी असतं ते, नाहीतर प्रवासात वाचायचं असतं. सत्यकथा वाचणारा माणूस त्याला साहित्य म्हणायला तयार नव्हता. १९६६ मध्ये स्थापन झालेली मराठी विज्ञान परिषद मराठीतून विज्ञान सांगायच्या ध्यासाने काम करत होती, आणि कथास्पर्धा हा त्याचाच भाग.

तर १९७४. अहमदाबादला एक परिषद चालू आहे. नारळीकर श्रोत्यांत बसलेत. व्यासपीठावर जे कोणी बोलतायत ते अत्यंत रटाळ बोलतायत. आपण अशा वेळी काय करतो? मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून फोन काढतो. त्यांच्याकडे परिषदेत नोंदी घ्यायला दिलेले कागद होते. स्पर्धेची जाहिरात त्यांनी वाचलेली होती. त्यांनी त्या कागदांवर कथा लिहायला सुरुवात केली. लांबून बघणाऱ्याला वाटलं असेल, केवढ्या मन लावून नोंदी घेतायत.

मराठी विज्ञानकथेच्या इतिहासातली एक महत्त्वाची घटना एका कंटाळवाण्या व्याख्यानामुळे घडली, हे मला फार दिलासादायक वाटतं. त्या वक्त्याचं नाव इतिहासाने राखून ठेवलेलं नाही. बरंच झालं.

विषय काय निवडला? कृष्णविवर. आज हा शब्द शाळेतल्या पोरालाही माहीत आहे, पण तेव्हाचं बघा. ‘ब्लॅक होल’ हे नाव जॉन व्हीलर यांच्यामुळे १९६७ पासून पुढे रुळलं. सिग्नस एक्स-१ नावाच्या क्ष-किरण स्रोताच्या जागी कृष्णविवर असावं अशी चर्चा १९७१ च्या आसपास सुरू झाली. म्हणजे जगभरचे शास्त्रज्ञ ज्याच्यावर अजून भांडत होते, ते तीन वर्षांत मराठी कथेत आलं. भाषांतर होऊन नाही, कुणाचं बघून नाही, थेट. आपण सतत म्हणत असतो ना, की मराठीत सगळं उशिरा येतं? एखादी गोष्ट वेळेत यायची असेल तर ती जाणणाऱ्या माणसाला मराठीत लिहावंसं वाटायला हवं. नारळीकरांकडे इंग्रजी होती, हिंदी होती. हॉइल आपल्या घरच्या भाषेत लिहीत होते. यांनीही तेच केलं. घरची भाषा, शाळेची नव्हे.

मी बीटेक पूर्ण इंग्रजीत केलं. ‘रिकर्शन’ मला मराठीत समजावून सांग असं आईने म्हटलं, तर मी आधी हात हलवायला लागतो. त्यामुळे बनारसमध्ये हिंदीतून शिकलेल्या, केंब्रिजमध्ये इंग्रजीत पंधरा वर्षं काढलेल्या माणसाने विश्वाबद्दलचा विचार मराठी वाक्यात बसवून दाखवला, हे मला त्याच्या पदकांपेक्षा अवघड वाटतं.

कथा झाली. आता पाठवायची. पहिली अडचण नावाची. त्यांनी आपली आद्याक्षरं घेतली, जे. व्ही. एन., आणि उलटी केली. एन. व्ही. जे. नारायण विनायक जगताप. दुसरी अडचण अक्षराची. विज्ञान परिषदेतल्या लोकांना त्यांचं अक्षर माहीत होतं, लगेच ओळखलं असतं. म्हणून संपूर्ण कथा मंगलाताईंनी आपल्या हाताने लिहून काढली.

बघा हं, किती व्यवस्थित बंदोबस्त आहे. नुसतं टोपणनाव घेणारे लेखक पुष्कळ असतात. अक्षरही बदलून घेणारा माणूस प्रयोगशाळेतलाच. औषधांच्या चाचण्यांत खरी गोळी कुठली ते रुग्णालाही सांगत नाहीत आणि डॉक्टरलाही नाही, तशातलं हे काम. आमच्या ऑफिसात एखाद्या मोठ्या आर्किटेक्टचा कोड रिव्ह्यूला आला, की दोन मिनिटांत ‘मस्त आहे’ असा शेरा पडतो. नव्या पोराचा आला की पहिल्याच ओळीवर सात कमेंट. कोड तोच ठेवा आणि नावं बदला, शेरे बदलतील. सगळ्यांना हे माहीत आहे. पण शेरे ज्याच्या बाजूने पडतात त्या माणसाने स्वतःहून आपलं नाव काढून ठेवल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

यात त्यांच्या बाजूने एक सोयही होती, ती लपवायला नको. कथा पडली असती तर पडली असती जगतापांची. नारळीकरांना कुणी काही म्हणालं नसतं. मला हेही माणसासारखंच वाटतं. आणि बनारसच्या फळ्यापेक्षा इथली गंमत उलटी आहे. तिथे प्रश्नावर नाव होतं, जेव्हीएन, आणि मुलाला उत्तर शोधायचं होतं. इथे प्रश्न त्यांनी स्वतःच स्वतःला घातला आणि नाव उलटं करून ठेवलं, म्हणजे परीक्षकांना उत्तर आधीच कळू नये.

निकाल तुम्हाला माहीत आहे. पहिलं बक्षीस.

पुढच्या वर्षी, १९७५ मध्ये, कऱ्हाडला साहित्य संमेलन. अध्यक्ष दुर्गा भागवत. हे संमेलन आपल्याला आठवतं ते आणीबाणीमुळे. आजारी जयप्रकाशांसाठी त्यांनी तिथे सगळ्यांना प्रार्थना करायला लावली होती, तीही सत्तेतल्या माणसांच्या समोर. त्याच संमेलनातल्या अध्यक्षीय भाषणात दुर्गाबाईंनी विज्ञानकथा या नव्या वाटेचं आणि नारळीकरांच्या लेखनाचं स्वागत केलं. लोकसाहित्य, संस्कृत, बौद्ध वाङ्मय कोळून प्यायलेल्या बाई. त्यांनी म्हटल्यावर ‘पोरांचं वाचन’ हा शिक्का जरा सैल झाला. मग ‘किर्लोस्कर’च्या मुकुंदराव किर्लोस्करांनी त्यांना कथांसाठी गळ घातली, कथा येत गेल्या, आणि १९७९ मध्ये पहिला संग्रह निघाला, ‘यक्षांची देणगी’.

त्यातली ‘उजव्या सोंडेचा गणपती’ ही कथा माझी सगळ्यात आवडती. थोडा स्पॉयलर आहे, हवं तर पंधरा सेकंद पुढे जा. एक गोलंदाज सामन्यात अचानक दुसऱ्याच हाताने गोलंदाजी करायला लागतो. एक गणपती, त्याची सोंड डावीकडची उजवीकडे गेलेली. यामागे मोबियसची पट्टी. ही तुम्ही घरी करून बघा. पारदर्शक प्लॅस्टिकची लांब पट्टी घ्या, एका टोकाला अर्धा पीळ द्या आणि दोन्ही टोकं चिकटवा. आता पट्टीवर डाव्या हाताच्या पंजाचं चित्र सरकवत नेताय अशी कल्पना करा. एक फेरी पूर्ण करून ते सुरुवातीच्या जागी येईल तेव्हा उजव्या हाताचं झालेलं असेल. कागदावरच्या चित्राचं हे होऊ शकतं, तर आपल्या त्रिमितीतल्या वस्तूचं, अवकाशालाच असा पीळ दिला तर? बस, एवढा एक प्रश्न. बाकी कथा म्हणजे क्रिकेट, गणपती आणि मराठी माणसं. इंग्रजीत लिहिली असती तर त्या सोंडेचं काय केलं असतं? उजव्या सोंडेचा म्हटल्यावर आपल्या घरातली आजी जशी सावध होते, तसा परका वाचक होणार नाही. इथे वैज्ञानिक कल्पना आणि घरातली श्रद्धा एकाच शब्दात येऊन बसतात, आणि कथा चालते ती त्या शब्दामुळे.

आणि हो, उलटापालट इथेही आहेच. जेव्हीएनचं एनव्हीजे करणाऱ्या माणसाला आरशातल्या प्रतिमेची कथा सुचावी, याचा फार अर्थ काढू नये. पण मी काढतो.

‘गंगाधरपंतांचे पानिपत’ तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी नकळत वाचलेली आहे. सीबीएसईवाल्यांनो, अकरावीच्या इंग्रजीतला ‘द अॅडव्हेंचर’ आठवतो का? प्राध्यापक गायतोंडे, पानिपत मराठ्यांनी जिंकलेलं जग? तीच ही कथा. मूळ मराठी, तुम्ही वाचलं ते तिचं इंग्रजी रूप. मी स्टेट बोर्डाचा, त्यामुळे मला ती थेट मराठीतच भेटली, याचा मला अजून माज आहे.

आता तक्रार. नारळीकरांची माणसं पातळ असतात. पात्रं बोलतात ती बऱ्याचदा कल्पना समजावून देण्यासाठी. स्त्रिया फार थोड्या वेळा येतात आणि पुष्कळदा चहाबरोबर जातात. शेवटाला कोडं सुटतं आणि कथा थांबते. माझ्या मते हे त्या फळ्याचंच देणं आहे, गुण आणि दोष दोन्ही. मोरूमामाच्या गणितात रडणारं माणूस नव्हतं, युक्ती होती. ज्याला मराठी कथेत मन हवंय त्याने नंतरच्या काही विज्ञानकथाकारांकडे जावं. पण एखादी कल्पना डोक्यात घुसून दोन दिवस बाहेर न निघणं हा अनुभव हवा असेल तर अजूनही ‘यक्षांची देणगी’च.

नारायण विनायक जगतापांचं पुढे काय झालं, असं मला एका मित्राने विचारलं. काही नाही झालं. पुढची सगळी पुस्तकं जयंत नारळीकरांच्या नावाने आली. एकदा उत्तर मिळाल्यावर फळा पुसून टाकायचा, हा नियम घरचाच होता.

घरात कुणाकडे ‘यक्षांची देणगी’ची जुनी प्रत असेल तर पहिल्या पानावर कुणी काय लिहून भेट दिली होती, त्याचा फोटो पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये भा. रा. भागवत आणि त्यांनी मराठीत आणलेला जूल व्हर्न. तोवर, भेटूच.